नाशिकपर्यंत कशाला? आटगावपर्यंत चाला

प्रिय ताई,
मी कळव्याला राहते, ठाण्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सुदानमधल्या युद्धाकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून आम्ही सतरा जण १५ एप्रिलला ठाण्याहून नाशिकला चालत निघणार आहोत. पाच दिवसांत पोचायचं ठरलंय. एक जण अनवाणी चालणार म्हणतो, एक मैत्रीण पाचही दिवस उपास करणार म्हणते, आणि एकाने इन्स्टाग्रामवर पान काढूनसुद्धा टाकलंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "सुदानचं तुला काय पडलंय? इथे शहापूरच्या बायका हंडे घेऊन मैलभर जातात, त्या नाही दिसत?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर कधी कधी मलाही वाटतं, आपण चालून तिथे कोणाच्या पोटात काय जाणार? जाऊ की नको?
– गोंधळलेली, कळवा

जा. पण नाशिकला नको, १५ एप्रिलला नको, आणि अनवाणी तर मुळीच नको.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच दगडी भिंतींखाली गेली. आम्ही ठाण्यातली पंचवीसेक कॉलेजची मुलं आठवड्याभरात फलक घेऊन दादरपर्यंत चालत निघालो. मी त्यासाठी खास नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते. भांडुपला टाचेवर फोड आला, घाटकोपरला तो फुटला, आणि पुढे मी डावा बूट चपलेसारखा मागून दाबून ओढत चालले. पण लक्षात राहिला तो फोड नाही. सायनला एक दुकानदार गल्ला सोडून बाहेर आला. म्हणाला, "किल्लारी कुठल्या तालुक्यात येतं? तिथे आत्ता कशाची गरज आहे? माझ्याकडे ताडपत्र्या आहेत, कोणाकडे देऊ?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. औसा तालुका हे मला नंतर पेपर वाचून कळलं. तो "बरं, बघा मग" म्हणाला आणि आत गेला. तिकडे पाऊस चालू होता, माणसं उघड्यावर होती, आणि इकडे ताडपत्र्या द्यायला निघालेला माणूस आम्ही हातचा घालवला. घोषणा मात्र आम्हाला सतरा पाठ होत्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पदयात्रा किती किलोमीटरची होती याला फार अर्थ नसतो. वाटेत किती जणांनी थांबवून विचारलं, आणि विचारणाऱ्याला काय मिळालं, ते खरं. वारीचंच बघ. आळंदी ते पंढरपूर हे अंतर माणूस एसटीने काही तासांत कापतो. तरी पालखीला अठरा-वीस दिवस लागतात, कारण विसावे आहेत, मुक्काम आहेत, मुक्कामाला कीर्तन आहे. नुसतं पोचायचंच असतं तर टाळ कशाला हवे होते?

आता नाशिक हायवे डोळ्यांसमोर आण. खारेगाव ओलांडलंस की मानकोली, राजनोली, पुढे पडघ्यापर्यंत भिवंडीच्या गोदामांचे ट्रक. तिथे तू सुदान सांगणार कोणाला, कंटेनरवाल्याला? शिर्डीला जाणारे पदयात्री त्याच रस्त्याने जातात, आणि त्यांच्यात गाडी घुसल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी येतेच. पाच दिवसांत नाशिक म्हणजे रोज तीस किलोमीटर. तिसऱ्या दिवशी तुम्हा सतरा जणांत एकमेकांशी बोलायचीही ताकद उरणार नाही, मग लोकांशी काय बोलणार?

म्हणून अंतर असं निवडा की ते सांगताच ऐकणाऱ्याला काहीतरी लागेल.

सुदानच्या उत्तर दारफूर प्रांतात अल-फाशर नावाचं शहर आहे. मे २०२४ पासून ते वेढ्यात होतं. त्याला लागून असलेल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४ मध्येच दुष्काळ जाहीर झाला. शहरात धान्य संपलं तेव्हा लोक 'अंबाझ' खाऊ लागले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेला चोथा, आपण जिला पेंड म्हणतो ती. जनावरांची. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर लष्कराशी लढणाऱ्या 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या निमलष्करी दलाच्या हातात पडलं आणि जे निसटू शकले ते पश्चिमेला तविला नावाच्या गावाकडे निघाले. बरेचसे पायी, पुष्कळ जण रात्रीचे, रस्त्यावरच्या बंदूकवाल्यांना चुकवत. हे अंतर साधारण साठ किलोमीटर.

साठ किलोमीटर म्हणजे किती? ठाण्याहून कसारा लोकल पकडलीस तर आटगाव साधारण तेवढ्यावर येतं. फलकावर एवढंच लिहा: "अल-फाशर ते तविला म्हणजे ठाणे ते आटगाव. तिथली माणसं चालत गेली." रोज त्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला याहून जास्त समजवावं लागणार नाही. दिव्याला गाडी पाच मिनिटं थांबली तरी आपण सिग्नलला शिव्या घालतो, आटगाव किती लांब आहे हे त्याला कोणी सांगायला नको.

ही युक्ती माझी नाही. २००५ च्या जुलैमध्ये कॅनडात टोरंटोतल्या दोन तरुणांनी हेच केलं होतं. तेव्हा उत्तर युगांडात बंडखोर रात्री खेड्यांत शिरून मुलं पळवून न्यायचे, म्हणून हजारो मुलं रोज संध्याकाळी गावातून चालत गुलू शहरात झोपायला यायची आणि सकाळी परत जायची. हे दोघे रोज रात्री साडेबारा किलोमीटर चालून टोरंटोच्या नगरपालिकेसमोर झोपायचे, पहाटे उठून तेवढंच चालत परत. सलग एकतीस दिवस, आणि दिवसा आपापली कामं सांभाळून. त्यातून 'गुलूवॉक' उभं राहिलं आणि पुढे इतर देशांतल्या शहरांतही लोक चालले. महिनाभर रोज रात्री एखादा माणूस उशी घेऊन चालताना दिसला की शेजारी विचारतोच, अरे, चाललास कुठे?

तर रस्ता असा. पहिल्या दिवशी कळवा, मुंब्रा, शीळफाट्यावरून डोंबिवली. बायपासने जाऊ नका, मुंब्रा गावातल्या जुन्या रस्त्याने जा, माणसं तिथे आहेत. डोंबिवलीत प्रश्न विचारणाऱ्यांची वाण नाही, उलट तुमचं वाक्य अर्धवट तोडून तुम्हालाच सुदानचा इतिहास सांगतील, तयारीत राहा. दुसऱ्या दिवशी कल्याण करून टिटवाळा. तिसऱ्या दिवशी खडवलीवरून वाशिंद. चौथ्या दिवशी आसनगाव, आटगाव. रस्त्याने अंतर साठाच्या थोडं वर भरेल, भरू दे. टिटवाळ्याच्या पुढे गावरस्ते आहेत. आधी दोघांनी एका रविवारी मोटारसायकलवर जाऊन सगळा रस्ता बघून या: सावली कुठे, पाणी कुठे, आणि संडास कुठे. हसू नकोस. तुमच्यात मुली किती ते तू लिहिलं नाहीस, पण मोहिमा यावरूनच मोडतात. मुली पाणी पीत नाहीत कारण पुढे सोय नाही, आणि मग दुपारी चक्कर येऊन पडतात. मुक्कामाच्या शाळा आणि सभागृहं याच एका निकषावर निवडा. या रस्त्याचा आणखी एक फायदा: रूळ कधी फार लांब नसतात. कोणाचा पाय गेला तर स्टेशन गाठायचं आणि लोकलने घरी. त्यात कमीपणा काही नाही.

दररोज पंधरा-वीस किलोमीटर, पहाटे पाचला निघून नऊ-साडेनऊला थांबायचं. दिवसाचा उरलेला वेळ कामाचा. एखादं कॉलेज, वाचनालय, सोसायटीचं सभागृह आधी बोलून ठरवून ठेवा. पंचवीस माणसं आली तरी पुष्कळ. सतरापैकी सगळ्यांना भाषण येत नसेल, येऊही नये. पण दुकानदाराने विचारलं तर एका मिनिटात सांगता आलंच पाहिजे. घरी आरशासमोर म्हणून बघ: १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये लढाई सुरू झाली. एका बाजूला लष्कर, त्याचे प्रमुख बुरहान. दुसऱ्या बाजूला 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल, त्याचा प्रमुख हेमेदती. दोघांनी मिळून २०२१ मध्ये सत्ता बळकावली आणि मग एकमेकांवर उलटले. पाच कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात एक कोटीहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. एवढं बोल आणि थांब. समोरचा पुढचं विचारेल. नाही विचारलं तर त्याला सोड, त्याच्या मागे लागू नकोस.

आता बाबा. तू त्यांना उत्तर देऊ शकली नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस, प्रश्न चांगला आहे. खरं तर दोन प्रश्न आहेत.

सुदानचं आपल्याला काय? खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची ती घुमटवाली मुख्य इमारत बाबांनी फोटोत तरी पाहिली असेल. तिचं नाव 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीसाठी लढलेल्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते, त्यातून ती उभी राहिली. आणि डिंक. जगात अरबी डिंकाचं सर्वांत जास्त उत्पादन सुदानमध्ये होतं, कोर्दोफान आणि दारफूरच्या बाभळीसारख्या झाडांपासून. शीतपेयं, औषधाच्या गोळ्या, शाई, कशाकशात तो जातो. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमध्ये जाऊन डिंकाच्या एखाद्या व्यापाऱ्याला विचार, लढाईनंतर मालाचं काय झालं. तो जे सांगेल ते वहीत लिहून घे, तुझ्या भाषणात तेच सगळ्यात जास्त ऐकलं जाईल. शिवाय लढाई पेटल्यावर महिन्याभरातच 'ऑपरेशन कावेरी'तून तीन हजारांवर भारतीयांना पोर्ट सुदानहून बोटी-विमानांनी बाहेर काढलं होतं. त्यातलं कोणी ठाण्या-कल्याणात असेल तर शोधा. पुण्यात वर्षानुवर्षं सुदानी मुलं शिकायला येतात, त्यांच्यापैकी कोणाला बोलवा. पण बोलावलंत तर त्याला बोलू द्या. मिरवू नका, आणि फोटो काढण्याआधी विचारा. त्याचं कुटुंब तिकडे असेल तर चेहरा दिसणं त्याला परवडेलच असं नाही.

दुसरा प्रश्न शहापूरचा. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. बाबा बरोबर आहेत. फक्त एक निरीक्षण नोंदवते. "आधी शहापूरचं बघा" असं म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटली, त्यातली शहापूरला गेलेली फार थोडी. तू बाबांशी वाद घालू नकोस, त्यांना सोबत घे. चौथ्या दिवसाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातच आहे. म्हणावं, "वाशिंदहून पुढे तुम्ही या, आणि तिथल्या कोणत्या पाड्यावर पाणी नसतं ते आम्हाला दाखवा." तिथे बायका भेटतील, त्यांच्याशी बोला. पण फलकावर दोन्ही विषय कोंबू नका, नाहीतर ना सुदान कळेल ना शहापूर. शहापूरसाठी उन्हाळ्यात वेगळं जा. बाबा ठाम राहिले तर कप्तान त्यांनाच करा.

तारखेचं. १५ एप्रिल ही युद्धाची तारीख म्हणून तुम्ही धरली, ते समजतं. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ एप्रिल २०२३ ला, खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेले चौदा जण उष्माघाताने गेले. आपल्याकडच्या बातम्यांत त्या आठवड्यात सुदान का दिसलं नाही याचं अर्धं उत्तर यातच आहे. आणि लक्षात घे, ती माणसं चालत नव्हती, बसली होती. तुम्ही डांबरावरून, पाठीवर पिशवी घेऊन, परीक्षांच्या तोंडावर चालणार. नको. १५ एप्रिलला संध्याकाळी सहा वाजता तळावपाळीला जमा, तलावाला फेऱ्या मारा, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोला. लांबची चाल डिसेंबरात. मधल्या महिन्यांत वाचा, चालायचा सराव करा, सभागृहं ठरवा.

अनवाणी चालणाऱ्या मित्राला माझा निरोप दे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, माजिवड्याला आम्ही काही जण पाणी आणि बिस्किटं वाटत उभे होतो. नाशिक हायवेने माणसं उत्तरेकडे चालली होती, दिवसरात्र. एकाने चपलेऐवजी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या चेपून सुतळीने तळव्यांना बांधल्या होत्या. सुतळी अंगठ्याच्या बेचक्यात इतकी रुतली होती की मला आधी ती दिसलीच नाही. कोणीतरी स्वतःच्या पायातले सँडल काढून दिले. ते त्याने लगेच घातले, दोन पावलं चालून बघितलं आणि आम्ही नाव विचारेपर्यंत पुढे निघूनसुद्धा गेला. ज्याच्यापाशी चप्पल नाही तो मिळाली की घालतो. तुझ्या मित्राच्या पायात बूट आहेत, ते काढून तो नेमकं काय सांगणार? उपास करणाऱ्या मैत्रिणीलाही हेच. उपाशी चालून ती पडली तर त्या दिवशी लोक तिच्याबद्दल बोलतील, अल-फाशरबद्दल नाही. तिला एक काम द्या: रोज लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सगळ्यांच्या बाटल्या भरायच्या. चहाचा चमचा, आणि मीठ जरासुद्धा जास्त नाही.

पैसे गोळा करू नका. डबा नको, कोणाच्या खात्याचा क्यूआर कोड तर नकोच. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. ती भानगड सतरा विद्यार्थ्यांनी अंगावर घेऊ नये, आणि एकदा पैसा आला की गटात कुजबुजही आलीच. कोणी विचारलंच तर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स तविलात काम करते, जागतिक अन्न कार्यक्रम सुदानमध्ये काम करतो, हे सांगा आणि त्यांच्या अधिकृत पानावर थेट जायला सांगा. आमच्या सायनच्या दुकानदाराला द्यायला हे एवढंसं उत्तरही आमच्याकडे नव्हतं.

पोलिसांना मात्र आधी कळवा, आणि लेखी. ठाणे ते कल्याण पोलीस आयुक्तालय, पुढे वाशिंद-शहापूर ठाणे ग्रामीण, म्हणजे अर्ज दोन ठिकाणी. आयुक्तालयात जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, त्यामुळे "आम्ही काय, विद्यार्थी आहोत" हे चालत नाही. कॉलेजचं पत्र जोडा. रस्त्यावर एकामागे एक, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने.

इन्स्टाग्रामवाल्यालाही मोडीत काढू नकोस, तो कामाचा आहे. त्याला ११ मार्च २०१८ ची रात्र सांग. नाशिकहून ६ मार्चला निघालेले शेतकरी, त्यातले पुष्कळसे आदिवासी, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालून आपल्या ठाण्यावरून सायनच्या सोमय्या मैदानात पोचले होते. सकाळी दहावीचा पेपर होता. मुलांचा खोळंबा नको म्हणून ते मध्यरात्रीनंतर उठले आणि पोरं जागी होण्याआधी आझाद मैदानाकडे गेलेसुद्धा. त्याआधी पाच दिवस शहराला त्यांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. सकाळी मात्र माणसं पाणी, चपला, पोहे घेऊन रस्त्यावर उतरली. वनजमिनीच्या पट्ट्यांची मागणी काय आहे, हे माझ्या सोसायटीतल्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. तुमच्या इन्स्टाग्रामवाल्याने कॅमेरा आपल्या चेहऱ्याकडे कमी आणि रस्त्यावर भेटणाऱ्यांकडे जास्त वळवावा, एवढंच माझं म्हणणं. कल्याणच्या भाजीवालीने पेंडीची गोष्ट ऐकून काय म्हटलं, ते बघायला मला आवडेल.

"कोणाच्या पोटात काय जाणार" असं तू विचारलंस. तुमच्या चालण्याने थेट, काही नाही. ते मान्य करूनच निघा, आणि कोणी तोंडावर म्हटलं तर "हो, खरं आहे" म्हणा. पण सुदानसाठीच्या मदतीला जगभरातून पैसा कमी पडतो तो त्याची फारशी कोणी आठवण काढत नाही म्हणूनही. आठवण काढणारे ठाणे जिल्ह्यात आज किती आहेत? तुम्ही सतरा. डिसेंबरात आटगावला पोचाल तेव्हा वहीत किती जणांची नावं असतील ते मला कळव.

आटगावहून परतीचं तिकीट मोबाइलवरच काढा, साठ किलोमीटर चालल्यावर खिडकीशी रांगेत उभं राहवत नाही. आणि १५ एप्रिलला तळावपाळीला नेमके कुठे भेटताय ते लिही, मी येते. माझे बूट जुने आहेत.